पोच कुणाकडे आहे?

मागे आंबवड्याला गेलो होतो. झुलत्या पुलाशी आमचे एक वृद्ध चुलते बसले होते. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. गांधीजींचा खून झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आमचे गाव त्या वेळी भोर संस्थानात होते. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते त्यानंतर, 8 मार्च 1948 रोजी. खून करणारे पुण्याचे निघाले ही बातमी घाट उतरून गावात आली आणि मोठी माणसे हलक्या आवाजात बोलू लागली, एवढे नानांना आठवते. मग त्यांनी विचारले, "आरं, धा दिस आधी येक गडी घावला हुता म्हनत्यात. मंग बाकीच्यांस्नी का नाय धरलं? तू कचेरीत कागद हाकतोस, तुला ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हते. म्हणून कपूर आयोगाचा अहवाल मिळवून वाचला. रोज कचेरी सुटल्यावर थोडा थोडा, बरेच दिवस.

वाचकहो, हकीकत अशी आहे. 20 जानेवारी 1948 ला दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागीच सापडला. बाकीचे पळाले. मदनलालने पोलिसांना काही गोष्टी सांगितल्या. त्यात करकरे याचे नाव होते, पण दिल्लीच्या पोलिसांनी ते लिहून घेतले 'किरक्री' असे. साथीदार मरीना हॉटेलात उतरले होते हेही कळले. तिथे धुण्याचे कपडे मिळाले, त्यांवर 'एन.व्ही.जी.' अशी खूण होती. शिवाय पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख त्याच्या जबाबात आला. पत्राचे नाव 'अग्रणी', पुढे झाले 'हिंदुराष्ट्र'.

दिल्लीहून उपअधीक्षक जसवंतसिंग आणि निरीक्षक बालकिशन मुंबईस आले. 22 तारखेला ते विशेष शाखेचे उपायुक्त नगरवाला यांना भेटले. या एकाच भेटीच्या दोन हकीकती आहेत. दिल्लीवाले म्हणतात, आम्ही त्यांना एक टिपण दाखवले, त्यात संपादकाचा उल्लेख होता. त्यांनी आमचे ऐकलेच नाही, परत जा म्हणाले. नगरवाला म्हणतात, असा कोणताही कागद माझ्यासमोर आला नाही. या दोघांना 'किरक्री' या नावापलीकडे फारसे काही माहीत नव्हते.

दोन पोलीस खाती, दोघेही शपथेवर, आणि कागद एकच. आता मी कारकून माणूस. माझ्या टेबलावर हा वाद आला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, पोच कुठे आहे? जावक क्रमांक काय? घेणाऱ्याची सही कुठे? आमच्याकडे साधी पंखा दुरुस्तीची मागणी गेली तरी पोचवहीवर सही घेतात. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न होता आणि कागद दाखवला की नाही याचा निवाडा वीस वर्षांनंतर साक्षीदारांच्या आठवणीवर करायची पाळी आली!

वस्तीतल्या माणसांबरोबर चौकीत जाताना हाच अनुभव मीही घेतला आहे. एका ठिकाणी आम्ही अर्ज दिला, साहेबांनी वाचला, "ठेवून जा" म्हणाले. आठवड्याने विचारले तर असा अर्ज आलाच नाही. ठाण्याचे नाव लिहीत नाही. तेव्हापासून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय मी बाकावरून उठत नाही. लोक मला चिकट म्हणतात. म्हणोत.

पण टिपणाचा वाद जरा बाजूला ठेवा. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती अशी की, त्या टिपणावाचूनही बरेच हाती होते. मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी 21 तारखेला मदनलालविषयी माहिती दिली. जैन आणि मोरारजी यांच्या सांगण्यातही पुढे फरक पडला, तो वेगळा विषय. मात्र त्याच रात्री मोरारजींनी मुंबई सेंट्रल स्टेशनवर नगरवालांना करकरेचे नाव सांगितले. म्हणजे दिल्लीवाले येण्याआधीच ते नाव मुंबईत पोहोचले होते. 'अग्रणी'ची नोंद तर मुंबई सरकारच्याच दप्तरी होती. संपादक ना. वि. गोडसे, मालक ना. द. आपटे. याच सरकारने त्या पत्राकडून जामीनही मागितला होता. धुण्याच्या कपड्यांवरची तीन अक्षरे आणि ही नोंद शेजारी शेजारी ठेवायला किती वेळ लागला असता? पण नगरवालांच्या डोक्यात गांधीजींना पळवून नेण्याचा कट बसला होता आणि ते त्याच मागे राहिले. दिल्लीवाल्यांनी पुण्याला एक टेलिफोनही केला नाही.

आणि राणासाहेब. हे पुण्याच्या सी.आय.डी.चे डी.आय.जी. त्या दिवसांत ते दिल्लीतच होते. 25 तारखेला मदनलालचा जबाब त्यांच्या हाती दिला गेला. ते विमानाने आले नाहीत. रेल्वेने, तीही अलाहाबादवरून, 27 ला मुंबईत उतरले आणि 28 ला पुण्यात. गोडसे-आपटे या काळात कुठे होते? मुंबईतच, एल्फिन्स्टन अनेक्स हॉटेलात. 27 तारखेला ते विमानाने दिल्लीस गेले. कागद आगगाडीने येत होता आणि आरोपी विमानाने जात होते. हे वाचून मी अहवाल मिटवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तिथून ते ग्वाल्हेरला गेले, पिस्तूल मिळवले, 29 ला दिल्लीत परतले. 30 ला काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

लाल किल्ल्यातील खटल्याचा निकाल देताना न्या. आत्माचरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 रोजी या दहा दिवसांतल्या पोलिसांच्या ढिलाईवर कडक ताशेरे मारले. पण चौकशी झाली नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या गोपाळ गोडसे वगैरेंचा नोव्हेंबर 1964 मध्ये पुण्यात सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकर बोलून गेले की, नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता. त्यावर गदारोळ झाला तेव्हा कुठे आयोग नेमला गेला. न्या. जीवनलाल कपूर यांनी 1969 मध्ये अहवाल दिला आणि दिल्ली, मुंबई दोन्हीकडच्या पोलिसांना दोष दिला. तोवर एकवीस वर्षे उलटली होती.

परत गावी गेलो तेव्हा नानांना हे सगळे सांगितले. खुनानंतर तपास त्याच नगरवालांकडे दिला आणि आपटे-करकरे 14 फेब्रुवारीला मुंबईतच पकडले गेले, हेही सांगितले. नानांनी बोटांवर दिवस मोजले. "पंधरा दिसांत घावलं व्हय," म्हणाले आणि काठी उचलून पुलावरून पलीकडे निघाले.