कराचीची नस जाणणारे अ‍ॅडमिरल नंदा

अ‍ॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा (1915–2009) हे 1971 च्या भारत-पाक युद्धात भारतीय नौदलाचे प्रमुख होते. त्यांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या ‘मनोरा’ बेटावर गेले आणि तरुणपणी त्यांनी त्याच बंदराच्या कार्यालयात नोकरीही केली. कराचीवर हल्ला चढवणाऱ्या नौदलाचे नेतृत्व पुढे त्यांच्याकडेच आले.

1941 मध्ये ते रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवी राखीव दलात दाखल झाले. 1957 मध्ये ‘म्हैसूर’ ही क्रूझर नौदलात आली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईच्या माझगाव डॉकचा कारभार पाहिला. तेथेच बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट 1972 मध्ये, ते नौदलप्रमुख असतानाच, सेवेत आली.

1965 च्या युद्धात पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. पोरबंदरच्या उत्तरेकडे कारवाई करण्यास मात्र भारतीय नौदलाला मनाई होती. तेव्हाचे नौदलप्रमुख भास्कर सोमण यांनी या निर्बंधाला विरोध केला, पण उपयोग झाला नाही. ही बोच नौदलात खोलवर राहिली. म्हणूनच 1970 मध्ये प्रमुखपदी आलेल्या नंदांनी युद्धापूर्वी थेट इंदिरा गांधींना गाठून विचारले: कराचीवर हल्ला केल्यास सरकारची राजकीय हरकत असेल का? पंतप्रधानांनी आडकाठी घेतली नाही.

हत्यार होते सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे, वेग भरपूर, पण पल्ला तोकडा. कारण त्या मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत लांबवर न्यायचे, म्हणजे इंधन वाचेल, अशी युक्ती निघाली आणि तिचा सरावही झाला. बचावाचे साधन चढाईला जुंपण्याचा हा निर्णय नंदांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका कराचीच्या दक्षिणेला पोहोचल्या. ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या युद्धनौका सोबतीला होत्या, तर नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांच्याकडे होते. ‘निर्घात’च्या क्षेपणास्त्राने ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेचा वेध घेतला. अंधारातून झेपावणारा तो प्रकाश पाहून ‘खैबर’ने आपल्यावर विमानांचा हल्ला झाल्याचा संदेश पाठवला. काही मिनिटांत दुसरे क्षेपणास्त्र आदळले आणि ती बुडाली. ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौकाही त्याच रात्री गेली. 8 डिसेंबरच्या रात्री एकट्या ‘विनाश’ने चार क्षेपणास्त्रे सोडली आणि कराचीतील केमाडीच्या तेलटाक्या पेटल्या. पूर्वेकडे ‘विक्रांत’च्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले, तर ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी त्याआधीच विशाखापट्टणमजवळ बुडाली होती.

या यशाला मोठी किंमतही मोजावी लागली. 9 डिसेंबरला दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट बुडवली. तिच्यावरील 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक कामी आले. त्यांत तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्लाही होते. कराचीच्या विजयाची गोष्ट सांगताना मुल्लांचे नाव गाळता कामा नये.

नंदांना पद्मविभूषण मिळाले आणि 1973 मध्ये ते निवृत्त झाले. ‘द मॅन हू बॉम्ब्ड कराची’ हे त्यांचे आत्मचरित्र 2004 मध्ये आले. 11 मे 2009 रोजी त्यांचे निधन झाले. कराचीवरील पहिल्या हल्ल्याचा 4 डिसेंबर हा दिवस भारतात नौदल दिन म्हणून पाळला जातो.