शेवट बदलला, गाणंही बदललं

हॉलिवूडच्या किशोरपटांतली काही गाजलेली प्रेमगीतं पडद्यावर पोहोचली ती अशी :

‘प्रिटी इन पिंक’ (१९८६) : मूळ शेवटात नायिका अँडी जिवलग मित्र डकीची होते. चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही. शेवट नव्याने चित्रित झाला आणि अँडी श्रीमंत घरच्या ब्लेनकडे गेली. ‘ओएमडी’ या इंग्लिश बँडने आधीच्या शेवटासाठी केलेलं गाणं त्यामुळे बाद ठरलं. त्यांनी जेमतेम एका दिवसात ‘इफ यू लीव्ह’ रचलं. लय मात्र मिनिटाला १२० ठोक्यांचीच ठेवावी लागली. प्रॉमचा, म्हणजे शाळेच्या नृत्यसमारंभाचा नाच त्याच लयीच्या दुसऱ्या गाण्यावर चित्रित झाला होता! अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हे गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

‘से एनिथिंग’ (१९८९) : प्रेयसीच्या खिडकीसमोर, डोक्यावर टेपरेकॉर्डर उचलून उभा जॉन क्युसॅक. आपल्याला ऐकू येतं पीटर गॅब्रिएलचं ‘इन युअर आइज’. चित्रीकरणाच्या वेळी मात्र ‘फिशबोन’ बँडचं गाणं वाजत होतं.

‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ (१९९९) : हीथ लेजर स्टेडियमच्या पायऱ्यांवर माइक घेऊन फ्रँकी व्हॅलीचं १९६७ सालचं गाणं गातो. साथीला शाळेचा बँड, पाठीमागे धावणारे सुरक्षारक्षक.