जीवित नोंदणी

महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला, तेव्हा त्या कायद्याचं वय १२३ वर्षं होतं. मुंबईच्या प्लेगच्या धास्तीने इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये तो घाईघाईने केला. जेमतेम चार कलमांचा कायदा. कपाटातून काढला, धूळ झटकली आणि चालला. बाजार, शाळा, चित्रपटगृहं बंद करायला तेवढा पुरतो. उघडण्यासाठी मात्र हाताशी तयार असं काहीच नव्हतं. ३१ मे २०२० रोजी ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश निघाला. ३ जूनपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांनी कामाला लागावं. ५ जूनपासून एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची दुकानं उघडावीत, दुसऱ्या दिवशी समोरची. ८ जूनपासून खासगी कचेऱ्यांनी १० टक्के माणसं बोलवावीत. कापडदुकानात ट्रायल रूम बंद, विकलेला माल बदलून द्यायचा नाही. केशकर्तनालयं २८ जूनला उघडली, पण कात्री चालेल, वस्तरा नाही. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची निर्जंतुक करायची आणि टॉवेल-नॅपकिन एकदा वापरून टाकून द्यायचे. आदेश लिहिणाऱ्याने बारकाईने विचार केला होता यात शंका नाही. तीन महिने गल्ला उघडला नसताना ते टॉवेल कशातून आणायचे, एवढं सोडून.

शटर वर करणं आणि धंदा सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी परवानगी लागते, दुसरीसाठी भांडवल, थकलेलं भाडं फेडायला पैसे आणि चार महिन्यांचा श्वास. सरकारच्या मदतीची खरी परीक्षा या दुसऱ्या गोष्टीत होती. त्या मदतीचा माग काढला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मदत जिथे अडली तिथे तिजोरीपेक्षा वहीपाशी जास्त अडली. ज्याचं नाव आधीपासून कुठल्या तरी चालत्या वहीत होतं त्याच्यापर्यंत ती पोचली. ज्याचं नव्हतं त्याच्यासाठी ती वर्तमानपत्रातली बातमी राहिली.

१३ एप्रिल २०२१ रोजी, ‘ब्रेक द चेन’च्या संचारबंदीच्या आदल्या दिवशी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अन्नसुरक्षा योजनेतल्या सात कोटी लोकांना माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी मोफत. संजय गांधी निराधार आणि तत्सम योजनांच्या ३५ लाख लाभार्थ्यांना हजार रुपये. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार. आकडे मोठे होते: २५ लाख घरेलू कामगार, १२ लाख बांधकाम कामगार, १२ लाख रिक्षाचालक, पाच लाख फेरीवाले. पण या आकड्यांच्या आधी लागलेली विशेषणं वाचायला हवीत. फेरीवाला ‘अधिकृत’, रिक्षावाला ‘परवानाधारक’, बाकीचे ‘नोंदीत’. रिक्षाच्या धंद्यात परवाना एकाच्या नावावर आणि हँडल दुसऱ्याच्या हाती, ही जुनी रीत आहे. खिशाला बॅज लावून रोज ठरावीक रक्कम मालकाला देऊन उरलेल्यात घर चालवणारा चालक अनुदानाच्या अर्जात कुठेच बसत नव्हता. टाळेबंदीत सवारी बुडाली ती त्याची. दीड हजार जमा व्हायचे ते परवान्याच्या खात्यावर.

घरेलू कामगारांच्या बाबतीत याहून विचित्र घडलं. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. तरीही प्रत्यक्ष पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ‘जीवित नोंदणी’ असलेल्या बायकांची संख्या लाखाच्या आसपासच भरली. सरकारी मराठीतला हा शब्द थांबून ऐकण्यासारखा आहे. नोंदणी जीवित असते म्हणजे ती मरतेही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई जिवंत, तिचं काम जिवंत, वहीतलं नाव मात्र नूतनीकरणाअभावी गेलेलं. ते तिने जिवंत का ठेवावं? एक दिवसाचा खाडा करून, बसभाडं घालून कार्यालयात जायचं, मालकिणीकडून दाखला मागायचा (आणि ती देईलच असं नाही), आणि हे सारं ज्याच्यातून वर्षानुवर्षं हातात काही पडत नाही अशा कागदासाठी. आळसाचा आरोप इथे लागू पडत नाही. तिने हिशेब केला आणि तो बरोबर होता, साथ येईपर्यंत.

त्याच पॅकेजमधलं धान्य मात्र बऱ्यापैकी सुरळीत वाटलं गेलं. कारण शिधापत्रिकेची वही दर महिन्याला उघडते. दुकानदार, अंगठ्याचं यंत्र, पोत्यांची आवक, गिऱ्हाइकांची भांडणं हे सगळं चालू असतं म्हणून नोंद ताजी राहते. मे आणि जून २०२० मध्ये केशरी कार्डवाल्यांनाही आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ देण्याचं ठरलं, तेव्हा नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. ज्यांचं कार्ड गावी राहिलं आणि पोट शहरात, त्यांचे हाल झालेच. पण तिथेही अडचण वही नसल्याची नव्हती, वही दुसऱ्या गावात असल्याची होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. तिजोरीच रिकामी होती, वहीचं काय घेऊन बसलात? आक्षेप पोकळ नाही. दीड हजारात मुंबईत एका खोलीचं महिन्याचं भाडंही निघत नाही. पण बांधकाम कामगारांचं उदाहरण या युक्तिवादाला अडवतं. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनुसार तेव्हा बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होत होता आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमत होता. तो पैसा फक्त याच कामगारांसाठी आहे. त्यातून २०२० मध्येही मदत दिली गेली. इथे पैसा आधी येऊन थांबला होता आणि माणूस सापडत नव्हता. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण. नाक्यावर उभं राहून रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या मजुराने कोणाची सही आणायची? उपकर वसूल करताना इमारत सापडते, वाटताना ती बांधणारा सापडत नाही.

कर्जाच्या योजनांमध्ये हाच भेद जास्त सभ्य रूपात दिसतो. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची तारणमुक्त कर्जहमी जाहीर केली. हमी पूर्ण सरकारची, चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष मुद्दल फेडायचं नाही. अनेक कारखाने आणि हॉटेलं यावर तरली, हे मान्य करायला हवं. पण कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेची जी बाकी होती तिच्या २० टक्के. म्हणजे ज्याच्या डोक्यावर आधी कर्ज होतं त्याला आणखी. आणि ज्याने आयुष्यभर बँकेची पायरी न चढता, भिशीवर आणि घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर दुकान चालवलं, त्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ जून २०२० रोजी, आलेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेकडे म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. फेरीवाल्याला दहा हजारांचं खेळतं भांडवल, तारण नाही, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत आणि पुढचं मोठं कर्ज. दहा हजार ही रक्कम क्षुल्लक आहे असं म्हणणाऱ्याने भाजीच्या हातगाडीचा एका दिवसाचा माल किती रुपयांचा असतो ते विचारावं. योजनेतली खरी नवी गोष्ट रक्कम नव्हती, शिफारसपत्र होतं. ज्याच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही, सर्वेक्षणात ज्याचं नाव राहून गेलं, त्याने पालिकेला कोऱ्या कागदावर अर्ज करायचा. पालिकेने स्थानिक चौकशी करून १५ दिवसांत निकाल द्यायचा. म्हणजे पुरावा आणायचं ओझं फेरीवाल्याच्या डोक्यावरून उतरून थोडं पालिकेच्या खांद्यावर गेलं. कचेरीतल्या माणसाने खाली उतरून पाहायचं: या कोपऱ्यावर हा माणूस बसतो की नाही?

या पत्राची गरज का पडली, हे मुंबईवरून कळतं. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के जागा विक्रेत्यांना, अशी तरतूद आहे. मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झालं, ९९,४३५ अर्ज आले, आणि अधिवासाचा दाखला वगैरे अटींच्या चाळणीतून सुरुवातीला सुमारे १५ हजार पात्र ठरले. साथ आली तेव्हा शहराच्या कागदावर फेरीवाले मूठभर आणि पदपथावर असंख्य, अशी स्थिती होती. रहिवाशांचा राग इथे खोटा नाही. चालायला जागा नाही, रुग्णवाहिका अडते, हे रोजचं आहे. पण नाव न लिहिल्याने कोणी उठून गेलं नाही. तो तिथेच राहिला, रोजचा हप्ता कोणाला ना कोणाला देत राहिला. फक्त त्या देण्याची पावती कधी मिळाली नाही, आणि पावती नाही म्हणून साथीत पुरावा नाही.

अटी ढिल्या केल्या तर बोगस लाभार्थी घुसतील, हा सर्वांत वजनदार आक्षेप. घुसतात. पण कडक अटींचीही किंमत असते आणि ती खऱ्या माणसाच्या खात्यावर पडते. कोविड मृत्यूंच्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीत ती दिसली. मृत्युदाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून अर्ज नाकारू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावलं. चाचणीचा अहवाल आणि तारखा पुरेशा मानल्या. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक अर्ज आले, राज्याच्या अधिकृत मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त. त्यात काही खोटे असतील, काही दुबार. तरी आधीची मोजणी तोकडी होती असं म्हणायला यात पुष्कळ जागा आहे. दुसरं उदाहरण जुनं आणि आपल्याच मातीतलं. १९७२ च्या दुष्काळात कामावर येईल त्याला काम, या तत्त्वावर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायला उन्हात येतो तो गरजू, एवढीच चाळणी. रोजगार हमीचा कायदा त्यातून आला. शिवभोजन थाळीही याच जातीची: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि रांगेत उभा राहील त्याला. मात्र थाळीने भूक भागते, बंद पडलेली टपरी उभी राहत नाही. धंद्याच्या मदतीला धंद्याची ओळख लागतेच, म्हणून वहीपासून पूर्ण सुटका नाही.

मग आणखी एक वही उघडावी का? २६ ऑगस्ट २०२१ ला ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झालं आणि देशभर कोट्यवधी असंघटित कामगारांनी नाव नोंदवलं. पण एकदा नाव घालून कार्ड छापून घेतलं आणि पुढे त्यातून महिन्याकाठी काहीच ये-जा झाली नाही, तर तीही घरेलू कामगारांच्या वहीच्या वाटेने जाईल. याउलट १९६९ च्या माथाडी कायद्याची वही पाहावी. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ ती टोळीतल्या कामगारांच्या खात्यात देतं, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस त्याच लेव्हीतून निघतो. माथाडीच्या नावावर चालणाऱ्या गुंडगिरीच्या तक्रारी आहेत, आणि त्या दडपून चालणार नाहीत. पण तिथे नाव जिवंत ठेवण्यासाठी कोणाला खाडा करावा लागत नाही. पगार त्या वहीतून येतो म्हणून नाव आपोआप जिवंत राहतं.

नाव लिहिलं की उद्या त्याच यादीने हुसकावतील, कर लावतील, ही भीती छोट्या धंदेवाल्याच्या मनात असते आणि तिला अनुभवाचा आधार आहे. ती भाषणांनी जाणार नाही. बाजारातल्या जागेची रोजची पावती पालिकेने खरोखर रोज फाडली, तिच्यावर तारीख, जागा आणि नाव लिहिलं, आणि वर्षभराच्या पावत्या बँकेने उत्पन्नाचा पुरावा म्हणून धरल्या, तर फेरीवाला ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली जपून ठेवील. स्वनिधी योजनेची मुदत आता ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली आहे आणि पहिलं कर्ज १५ हजारांचं झालं आहे. कोऱ्या कागदावरच्या त्या अर्जाची चौकशी करायला गेलेल्या पालिकेच्या माणसाने कोपऱ्यावर जे पाहिलं, ते पत्र देऊन झाल्यावर वॉर्डाच्या वहीत चढवलं की नाही, हे प्रत्येक वॉर्ड कचेरीत जाऊन विचारता येईल.