ट्यूबलेस टायर : आधी हवा, मग माल

एका रमजानमध्ये कापडाचे गठ्ठे भरून मी टेम्पोने बिलोलीहून देगलूरच्या बाजाराला निघालो. वाटेत मागचा टायर फुटला आणि ईदपूर्वीचा बाजार हातचा गेला. मिस्त्रीने टायर उतरवून दाखविला. आत जुना खिळा रुतलेला होता व टायरची बाजू आतून भाजल्यासारखी झाली होती.

ट्यूबलेस टायरचा फायदा तोच त्याचा धोकाही आहे. खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, गाडी चालत राहते आणि आपण बेफिकीर राहतो. कमी हवेत माल लादला की टायरच्या बाजू सतत दबतात, तापतात व शेवटी फाटतात. म्हणून आठवड्यातून एकदा आणि माल भरण्यापूर्वी, टायर थंड असताना, मीटर लावून हवा पाहावी. दोन्ही कडा लवकर झिजल्यास हवा कमी, मधला पट्टा झिजल्यास हवा जास्त समजावी.

खरेदी करताना टायरवरील तारखेचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. स्वस्त म्हणून जुना माल घेऊ नये. वजन पेलण्याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशी जुळवावा. रिम वाकलेली वा गंजलेली असेल तर नवा टायरही हवा धरत नाही. व्हॉल्व्हही सोबत नवाच बसवावा. बाजूला छिद्र पडलेला टायर पंक्चर काढून वापरू नये.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, अशी आपली शिकवण आहे. व्यापारी बांधवांनी टायरच्या बाबतीतही ती पाळावी.