पटकीचें विष आणि पेशीची स्निग्ध भिंत

स्निग्ध पदार्थ म्हटला कीं आपणांस तूप-तेल आठवतें. परंतु आंतड्याच्या अस्तरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा दुहेरी पापुद्रा असतो. पाण्यांत मिठाचे विद्युद्भारित कण सुटे होतात. तेलांत मीठ विरघळत नाहीं, हें गृहिणींस ठाऊकच आहे. त्यामुळें हे कण पापुद्र्यांतून सहसा पार होत नाहींत. त्यांच्याकरितां प्रथिनांचीं निराळीं दारें असतात.

मग हें स्निग्ध द्रव्य नुसती भिंतच काय? तसें नाहीं. पटकीचे जंतू एक विष सोडतात, हें डॉ. शंभुनाथ डे यांनीं कलकत्त्यास १९५९ सालीं सशाच्या आंतड्यावरील प्रयोगांनीं दाखविलें. भिंतींत ‘जीएम-१’ नांवाचा, साखरेची शेंडी असलेला स्निग्ध रेणु असतो. विष ती शेंडी पकडतें व त्या रेणूच्याच आधारानें पेशींत शिरतें. घरच्याच शेंडीनें चोरास आंत घ्यावें, हा प्रकार मोठा विलक्षण! पुढें क्लोराइडचें दार उघडेंच राहतें. क्लोराइडमागून सोडियम बाहेर पडतें, त्यांच्यामागून पाणी. रोगी कांहीं तासांतच शुष्क होतो.

मात्र साखर व सोडियम जोडीनें आंत घेणारें दार शाबूत राहतें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून सहस्रावधि रोगी वांचविले, ते याच दाराच्या बळावर. घरीं करावयाचें तर एक लिटर स्वच्छ पाण्यास चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घ्यावें, व वैद्य येईपर्यंत घोट घोट पाजीत राहावें.