एकच गायक, चार नावं: ऑडिओ फायलींचे टॅग टर्मिनलवरून कसे सांभाळायचे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात माझं एक मॉडेल संशय यावा इतकं चांगलं चालत होतं. काम असं की ख्यालाचा तुकडा ऐकवायचा आणि राग कोणता ते मॉडेलनं सांगायचं. मी लॅबमध्ये पेढे वाटायच्याच बेतात होतो, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "ट्रेनिंगमधला गायक टेस्टमध्ये आलेला नाही ना?" नाही म्हटलं, गायकाच्या टॅगवरूनच तर विभागणी केलीये.

मग टॅग उघडून बघितले. भीमसेन जोशी. पं. भीमसेन जोशी. पंडित भीमसेन जोशी. जोशी भीमसेन. स्क्रिप्टच्या लेखी हे चार वेगळे गवई, आणि ते दोन्हीकडे वाटले गेले होते. मॉडेल रागाबरोबर आवाजही ओळखत होतं: हा आवाज आला की बहुधा हे राग. विभागणी दुरुस्त केली आणि आकडा धाडकन खाली आला. पेढे राहिले.

तर आजचा विषय टॅग. गाण्याच्या फाईलमध्ये आवाजासोबत गायक, शीर्षक, अल्बम, वर्ष अशी माहिती साठवलेली असते. आपण तिला सजावट समजतो. संशोधनात मात्र ती प्रयोगवहीचा भाग आहे.

थोडा इतिहास, कारण आपल्या लिपीचे बरेचसे घोळ तिथूनच येतात. एमपी३ साठी १९९६ साली आयडी३ची पहिली आवृत्ती आली. फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइट, त्यात गायकाच्या नावाला ३० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसुद्धा, ३ बाइट खातं. आता 'भीमसेन जोशी' मोजा. १० चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणजे ३१ बाइट. एका बाइटनं जागा कमी पडते! शेवटची वेलांटी मधेच कापली जाते आणि 'जोश'पुढे फुटका चौकोन दिसतो. शिवाय त्या आवृत्तीत लिपी कोणती हे सांगायची सोयच नव्हती. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, ती फाईलच्या सुरुवातीला बसते आणि लांबीची अडचण संपवते. यूटीएफ-८ ला मान्यता मिळाली ती तिच्या २.४ या रूपात, २००० साली. जुन्या फायलींमध्ये पहिला आणि दुसरा असे दोन्ही टॅग असू शकतात, आणि दोघांत वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं. प्लेअर एक दाखवतो, तुमची स्क्रिप्ट दुसरा वाचते.

म्हणून शक्य असेल तर संशोधनाचा संग्रह फ्लॅकमध्ये ठेवा. त्याचे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्ये असतात. साधी 'नाव = किंमत' अशी रचना, आणि राग, ताल, षड्ज असे स्वतःचे रकाने बिनधास्त वाढवता येतात. हत्यार म्हणजे 'मेटाफ्लॅक'. एमपी३ साठी पायथनच्या म्युटाजेनसोबत येणारं 'मिड३व्ही२' मी वापरतो.

पहिल्या दिवशी काहीही लिहू नका, फक्त वाचा. मेटाफ्लॅकला 'शो-टॅग' पर्यायानं आर्टिस्टचा रकाना मागा, 'नो-फाइलनेम' लावा, आणि येणारी यादी पाइपनं 'सॉर्ट'मध्ये आणि पुढे मोजणीसह 'युनिक'मध्ये सोडा. दहा सेकंदांचं काम. माझे चारही गवई तिथे एकाखाली एक उभे होते. हे मी प्रयोगाआधी केलं असतं तर दोन महिने वाचले असते.

डोळ्यांना न दिसणारा घोळही असतो. 'कऱ्हाडे'मधला ऱ तीन प्रकारे टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण पहिले दोन एक करतं. तिसरा मात्र तसाच राहतो, तो आपणच शोधून बदलायचा.

लिहायची वेळ आली की फायली एकेक करून हातानं बदलत बसू नका. एक तक्ता करा, एका ओळीत एक फाईल, आणि त्यावरून स्क्रिप्टनं टॅग लिहा. खरी नोंद तक्त्यात, फाईलमधला टॅग ही तिची प्रत. इथे मी आणखी एकदा पडलो. मेटाफ्लॅकचं 'सेट-टॅग' जुनी किंमत पुसत नाही, तर नवी शेजारी जोडतं. स्क्रिप्ट तीनदा चालवली आणि प्रत्येक फाईलला तीन तीन राग चिकटले. त्यामुळे आधी 'रिमूव्ह-टॅग', मगच 'सेट-टॅग'.

एमपी३ वर 'एफएफएमपेग' वापरणार असाल तर कोडेकला 'कॉपी' सांगायला विसरू नका. नाहीतर नुसतं नाव बदलताना आवाज पुन्हा एन्कोड होतो, आणि तुमचा डेटा गुपचूप बदललेला असतो. ही चूक ऐकून कळत नाही.

मग डेटा बदलला नाही हे परीक्षकाला कसं दाखवायचं? अख्ख्या फाईलचा चेकसम टॅग बदलला की बदलतोच, तो इथे निरुपयोगी. फ्लॅक मात्र मूळ ध्वनीचा वेगळा एमडी५ फाईलमध्येच जपून ठेवतो. 'शो-एमडी५सम'नं तो टॅगिंगच्या आधी आणि नंतर काढून तक्त्यात ठेवा. ही नुसती साठवलेली संख्या असते बरं का. आवाज खरंच तिच्याशी जुळतो का हे 'फ्लॅक' आज्ञेच्या टेस्ट पर्यायानं तपासायचं, ती फाईल पूर्ण उलगडून पडताळते.

रागाच्या कामाला लागणार असाल तर षड्जाचा रकाना आजच सुरू करा. आपल्याकडे सा प्रत्येक गायकाचा वेगळा. आणि तिथे 'काळी एक' लिहू नका, हर्ट्झमध्ये आकडा लिहा. काळी एक म्हणजे साधारण १३८.६, पण तानपुरा दर वेळी पेटीशी तंतोतंत जुळवलेला असतोच असं नाही. मी आधी 'काळी एक' असंच लिहिलं होतं, आता सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकतोय.