यंत्राचा वेग, विजेचा दाब आणि विश्वासाचे माप

व्यापारात मापाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कशालाही नाही. काटा खरा असेल तरच पेढी टिकते. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे कमीअधिक मापाने देणेघेणे, याचा स्पष्ट उल्लेख आहे. आज आपल्या दुकानांतून व घरांतून मोजण्याचे आणि हिशेबाचे बहुतेक काम संगणक करतो. तेव्हा त्या यंत्राचे माप खरे कसे राहील याचा विचार करणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एक नवा, पण घरोघरी उपस्थित झालेला विषय निवडला आहे.

आमच्या निंबर्ग्यात आणि एकंदर आळंद तालुक्यात आता संगणक ही नवलाई उरलेली नाही. कोणाचा मुलगा इमारतींचे नकाशे काढतो, कोणाची नात चित्रफितींचे संपादन शिकते, कोणी नुसते खेळ खेळतो. या सर्वांस ‘ग्राफिक्स कार्ड’ नावाचा भाग लागतो. चांगल्या कार्डाची किंमत तीसचाळीस हजारांपासून लाखावर जाते. एवढी रक्कम मोजून आणलेले कार्ड तरुण मंडळी उत्पादकाने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवू पाहतात. यास ते ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. मग यंत्र मध्येच थांबते, पडदा काळा होतो, आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘माल खोटा निघाला.’ बहुधा माल खोटा नसतो. वेग, विजेचा दाब आणि उष्णता या तिघांचा मेळ बिघडलेला असतो.

वेग आणि राखून ठेवलेली तूट

कार्डातील मुख्य चिप एका ठोक्यावर चालते. प्रत्येक ठोक्याला कामाचा एक टप्पा पुरा होतो. उदाहरणार्थ, २०१६ साली निघालेल्या ‘जीफोर्स जीटीएक्स १०८०’ या कार्डाचा मूळ वेग १६०७ मेगाहर्ट्झ व वाढीव वेग १७३३ मेगाहर्ट्झ असा ठरविलेला होता. म्हणजे एका सेकंदात एकशे साठ कोटींहून अधिक ठोके! दोन ठोक्यांमधील वेळात विजेचा संकेत एका टोकापासून दुसऱ्या टोकास पोहोचलाच पाहिजे. वेग वाढविला की ती वेळ कमी होते, आणि एखादा संकेत उशिरा पोहोचला की उत्तर चुकते.

उत्पादक वेग ठरविताना थोडी जागा राखून ठेवतो. एकाच शेतातील तुरीचे सगळे दाणे सारखे नसतात, त्याचप्रमाणे एकाच कारखान्यातील सर्व चिपा सारख्या नसतात. शिवाय उन्हाळा आहे, धूळ आहे, वर्षानुवर्षे वापरून येणारी झीज आहे. तूर साठविताना आपण वाळण्याची घट आधीच हिशेबात धरतो. ती घट म्हणजे नफा समजून कोणी वाटून टाकीत नाही. कार्डातील राखीव जागेचेही तसेच आहे.

दाबाचे गणित

वेग वाढवून कार्ड अडखळू लागले म्हणजे तरुण मंडळी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवितात. दाब वाढला की संकेत लवकर पोहोचतो हे खरे, परंतु त्याची किंमत पाहावी. पॉवर सप्लायकडून कार्डास १२ व्होल्टची वीज मिळते. कार्डावरील घटक ती उतरवून चिपेस सुमारे एक व्होल्टने देतात. दाब इतका अल्प असल्यामुळे प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जातो.

चिपेचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढविला आणि त्यासाठी दाबही १० टक्के वाढवावा लागला, तर खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट होतो. १८० वॅटचे काम २४० वॅटवर जाते. वाढलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. काम वाढले फार तर १० टक्के, खर्च वाढला ३३ टक्के! असा सौदा कोणता आडत्या पसंत करील?

बिघाड कसा ओळखावा

यंत्र का अडते हे शोधण्यास क्रम लागतो. प्रथम सर्व वेग व दाब मूळ स्थितीस आणावेत. मूळ स्थितीतही यंत्र अडत असेल तर दोष वेगवाढीचा नव्हे. तो अन्यत्र शोधावा. मूळ स्थितीत ठीक चालत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चिपेचा वेग एका खेपेस पंचवीस मेगाहर्ट्झहून अधिक वाढवू नये. मेमरीचा वेग निराळा तपासावा. दोन्ही एकदम वाढविल्यास चूक कोणाच्या खाती घालावी हे कळत नाही.

लक्षणांवरून पुष्कळ उमगते. पडद्यावर रंगीत ठिपके वा चौकोन उमटू लागले तर मेमरीचा वेग अधिक झाला किंवा ती तापली, असा संशय प्रथम घ्यावा. चित्र गोठून क्षणभर पडदा काळा झाला व पुन्हा आला, तर चिपेस त्या वेगास दाब अपुरा पडला असण्याचा संभव अधिक. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज त्यास पुन्हा सुरू करते. ही त्याचीच खूण होय. संपूर्ण संगणकच दिवा विझावा तसा बंद झाला, तर पॉवर सप्लायकडे पाहावे. त्याचा १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहिला पाहिजे. मोठ्या कार्डास वीज देणाऱ्या तारा शक्यतो स्वतंत्र असाव्यात, आणि त्यांची जोडणी घट्ट बसलेली असावी.

चाचणी पाच मिनिटांत आटोपू नये. ‘थ्रीडीमार्क’ या प्रसिद्ध चाचणीत एकच दृश्य वीस वेळा चालवितात, आणि वेगातील सातत्य किमान ९७ टक्के राहिले तरच कार्ड उत्तीर्ण धरतात. त्यानंतरही नित्याचे काम तासन्‌तास करून पाहावे. काट्याची परीक्षा एका पोत्यावर होत नाही.

आपला उन्हाळा, आपली वीज

परदेशी तज्ज्ञांचे आकडे थंड खोलीतील असतात. कलबुर्गी जिल्ह्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. खोली पंधरा अंशांनी तापली म्हणजे कार्डही जवळजवळ तितकेच अधिक तापते. अनेक कार्डांची कमाल मर्यादा ९० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच कार्ड आपण होऊन वेग उतरविते. म्हणून पौषात उत्तीर्ण झालेला वेग वैशाखात टिकेलच असे नाही. चाचणी घ्यावयाची तर ती भर दुपारी, उन्हाळ्यातच घ्यावी.

दुसरी गोष्ट घरात येणाऱ्या विजेची. दाब उतरला की भाराखालील मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते, हे डाळमिल चालविणाऱ्या बंधूंस सांगावयास नको. संगणकाचा पॉवर सप्लायही तसाच आहे. त्यास वॅट तेवढेच हवे असल्याने दाब २३० वरून १८० वर उतरला तर तो प्रवाह वाढवून घेतो. अशा वेळी वाढीव वेगाचा भार त्यावर लादणे म्हणजे चढावर थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकणे होय. उत्तम पॉवर सप्लाय, योग्य क्षमतेचा यूपीएस, खरे अर्थिंग आणि धुळीची नियमित सफाई यांवर प्रथम खर्च करावा. भुसाराच्या गावी धूळ कमी कोठून असणार?

न थांबणारी चूक

उत्पादकही या मोहातून सुटत नाहीत. १७ सप्टेंबर २०२० रोजी ‘आरटीएक्स ३०८०’ हे कार्ड विक्रीस आले. त्यातील काही कार्डे वेग २००० मेगाहर्ट्झच्या पलीकडे जाताच बंद पडू लागली. ‘ईव्हीजीए’ या कंपनीने आपल्या चाचणीत विशिष्ट कपॅसिटरांची मांडणी टिकली नाही म्हणून ती बदलल्याचे उघड सांगितले. २८ सप्टेंबरला एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर दिला. चाचणी घेणाऱ्यांस असे आढळले की शिखरावरचा वेग किंचित उतरला आणि तक्रारी निवळल्या. म्हणजे औषध होते ते थोडे मागे येण्याचेच.

तथापि बंद पडणारे यंत्र एका अर्थी प्रामाणिक असते. ते आपली असमर्थता सांगते. भय आहे ते न थांबता चुकणाऱ्या यंत्राचे. नव्या कार्डांच्या मेमरीत चूक ओळखून तोच माल पुन्हा मागविण्याची सोय असते. त्यामुळे वेगाचा आकडा वाढलेला दिसतो, पण काम प्रत्यक्षात मंदावते. आणि काही चुका तर पकडल्याच जात नाहीत. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांस इंटेलच्या पेंटियम चिपेत भागाकार क्वचित चुकतो असे आढळले. ती चूक वेगवाढीची नव्हती, रचनेची होती. परंतु यंत्र न थांबता खोटे उत्तर देऊ शकते, हे जगाने पाहिले. चिपा बदलून देण्यापायी इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूस ठेवावे लागले.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे महासंगणकांत ६३ व्या क्रमांकावर आला. त्यातील ‘ए१००’ कार्डांचा कमाल वेग १४१० मेगाहर्ट्झ आहे. त्याच वर्षीच्या खेळाच्या ‘३०८०’ कार्डाचा जाहीर वाढीव वेग १७१० होता. चिपा निराळ्या आहेत, हे मान्य. तरीही कित्येक पटींनी महाग असलेला माल कमी ठोक्यांवर चालतो आणि त्याच्या मेमरीत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, ही गोष्ट मनात धरण्यासारखी आहे. जेथे उत्तराला मोल आहे तेथे भरवशास वेगाच्या वर स्थान मिळते.

म्हणून आमची तरुण मंडळींस प्रेमाची सूचना आहे. ज्या संगणकावर पेढीचा जमाखर्च, कराची विवरणे वा उधारीच्या नोंदी आहेत त्याचा वेग मुळीच वाढवू नये. खेळाच्या यंत्रावर प्रयोग जरूर करावा, जिज्ञासा मारू नये. पण दाब वाढविण्याऐवजी कमी करून पाहावा. पुष्कळ कार्डे ठरलेल्या वेगावर थोड्या कमी दाबाने सुखाने चालतात. तेही वरील क्रमानेच तपासून घ्यावे, कारण दाब फार उतरविला तरी यंत्र अडतेच. साधले तर वीज वाचते, उष्णता घटते आणि पंख्याचा आवाज कमी होतो. परिग्रह-परिमाण म्हणजे तरी काय? आवश्यक तेवढे ठरवून घेणे आणि त्यात उत्तम काम करणे.

डाळमिलचा रोल वाजवीपेक्षा जोरात फिरविला की पोते लवकर भरते, पण डाळीपेक्षा तुकडा आणि चुरी अधिक निघते. ग्राहक पोत्यांची संख्या पाहून नव्हे, तर मूठभर डाळ हातात घेऊन भाव ठरवितो. आपल्या पुढील पिढीने यंत्राचीही परीक्षा अशीच मूठ भरून करावी, आणि वेगाच्या आकड्यापेक्षा उत्तराच्या खरेपणास अधिक मान द्यावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही सर्व व्यापारी बंधू-भगिनींस जय जिनेंद्र करतो.